चार सोमवार

उल्हासनगरच्या निर्वासित छावणीत दातांचा दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टर लधारामांनी शिरगावच्या विठाला दोन रीती समजावल्या. "दाताची मुळी तेजाबाने धुतली तर एका दिवसात साफ, दुखणार पण नाही. सुईने खरवडली तर चार सोमवार यायला लागेल, वर दुखेल फार."

"सुईनंच करा," विठा म्हणाली.

चारही सोमवारी ती खुर्चीत बसून ढसाढसा रडली. चौथ्या खेपेला डॉक्टर म्हणाले, "झालं, बाई. आता रडायचं कारण नाही."

विठा उठेना.

"डाक्टर, दिवाळीत माझं लेकरू गेलं. जाऊ पोटुशी हाय, म्हणून घरात मला कोणी रडू देत नाय. दुसरा एखादा दात किडलाय का, बघा ना."