चर्चमधले दोन तास

नवऱ्याच्या, कुमारच्या, नोकरीपायी जर्मनीत हॅम्बर्गला आल्यापासून नीलिमाला दिवसभर घर खायला उठायचं. एका दुपारी ती एल्बे नदीकाठच्या गावातलं जुनं इंग्लिश चर्च पाहायला एकटीच गेली. वरच्या लाकडी गॅलरीत ती रमली असताना खाली रखवालदार दाराला कुलूप लावून निघून गेला. तिनं दार बडवलं, घसा बसेपर्यंत हाका मारल्या. त्या जाड दगडी भिंतींत फोनही लागेना. रडून झाल्यावर ती पुन्हा वर गेली आणि छत न्याहाळत बसली.

दोन तासांनी दार उघडलं. म्हातारा रखवालदार कळवळून माफी मागू लागला.

“ते राहू द्या, आधी वर या,” नीलिमा म्हणाली. “उतरत्या छताची ही तुळई भिंतीत शिरते ना, तिथे ती आतून कुजलीय. रविवारी इथे कुणाला बसू देऊ नका.”

त्यानं तुळईत किल्ली खुपसून पाहिली. ती लोण्यात शिरावी तशी आत गेली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“तुम्ही आहात तरी कोण?”



चार वर्षं प्रत्येक फॉर्मवर ‘हाउसफ्राऊ’, म्हणजे गृहिणी, असं लिहिणारी नीलिमा म्हणाली, “मी आर्किटेक्ट आहे.”