गुडघ्यांचा खप

देवेशला सकाळपासून चैन नव्हतं. वाळूजच्या कारखान्यातली शिफ्ट सोडून दवाखान्यांना कृत्रिम गुडघे विकायची नोकरी धरावी की नाही, हे आजच कळवायचं होतं. गारखेड्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात तो खिडकीपासून दारापर्यंत नुसत्या येरझाऱ्या घालत होता. यंदाच्याही दुष्काळात नळ कोरडेच होते. खाली टँकर आलेला, आणि आई हंडा घेऊन जिन्यावरून खेपा करत होती.

शेवटी त्यानं नव्या साहेबांना फोन लावला. "सर, आमच्याकडं एवढे गुडघे खपतील का?"

"तुमच्याच भागात सगळ्यात जास्त खपतात. त्यातही बायकांचे. टार्गेटची काळजीच सोडा."

"बायकांचेच का, सर?"

"ते डॉक्टरांना विचारा. आपल्याला खपाशी मतलब."

फोन ठेवतो तोच आई भरला हंडा कमरेवर घेऊन दारात आली. धाप लागली होती. मोकळा हात गुडघ्यावर दाबून ती क्षणभर तशीच थांबली. हंडा घ्यायला देवेश पुढं झाला, आयुष्यात पहिल्यांदाच.

"राहू दे," आई म्हणाली. "आमचं हे रोजचंच आहे. तू निवांत विचार कर."