बाबांच्या डोक्यावर

बाबा कारखान्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले, शर्टाची कॉलर नीट करत, जणू फोटोच काढायचाय.

"आण," ते म्हणाले.

पलीकडच्या टोकाला, छताजवळ, क्रेनच्या नव्या हुकाला भलंमोठं वजन टांगलेलं होतं. रिमोट मुलीच्या हातात होता. घरात कुणी नवे हूक बनवायला लागलं की त्याने पहिल्या हुकाला वजन टांगायचं आणि ते बापाच्या डोक्यावर नेऊन थांबवायचं, अशी या घराण्याची रीत; ती तिला आत्ताच कळली होती. हूक आपण बनवलेत म्हटल्यावर खाली आपणच उभं राहायचं, अशा समजुतीने ती सकाळपासून देवाचं नाव घेत होती.

"बाबा, मी राहते ना उभी."

"स्वतःच्या जिवावर कुणीही उदार होतं. आण तू. अगं, वजन टांगलंय, बापाला नाही."

तिला हसू आलं नाही. तापलेले हूक भट्टीतच हळूहळू निवू द्यायचे असतात, नाहीतर ते आतून ठिसूळ राहतात. माल न्यायला ट्रक यायची वेळ झाली म्हणून तिने ते लवकर काढून पंख्यासमोर ठेवले होते. दिसायला तसूभर फरक नव्हता. तेव्हा तर स्वतःच्या हुशारीचं कौतुकच वाटलं होतं तिला.

तिने बटण दाबलं. क्रेन घरघरत निघाली. वजन किंचित झुलत पुढे येऊ लागलं. बाबा वर बघत नव्हते, तिच्याकडे बघत होते. त्यांच्या कपाळावर घाम होता. म्हणजे भीती त्यांनाही वाटत होती, आणि हे कळल्यावर तिला राहवेना.

"बाबा, बाजूला व्हा!"

ते झाले. वजन रिकाम्या जागेवर येऊन थांबलं. हूक ना वाकला, ना कुरकुरला.

"टिकला!" ती ओरडली. "बाबा, टिकला!"

"हो," बाबा कपाळ पुसत म्हणाले. "मग मला बाजूला का केलंस?"

बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला.

"परत पाठवते त्याला," ती हळूच म्हणाली. "सगळे हूक पुन्हा भट्टीत घालू."

दाराकडे जायचा सरळ रस्ता वजनाखालून होता. ती भिंतीला खेटून, वळसा घालून गेली.