चेहऱ्याएवढी रिकामी जागा

“पुन्हा तोच तुकडा गायब!” बाईंनी कोड्याचा डबा टेबलावर उपडा केला. “मावशी, बाकीचे सगळे आहेत. आमचं कुत्रंसुद्धा शेपटीसकट शाबूत आहे. नाही तो फक्त माझा चेहरा.”

वृद्धाश्रमातल्या मावशी चादरींच्या घड्या घालत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“मी नाही घेतला, ताई.”

“मग काय उंदरांनी नेला?”

“घाला उंदरांच्या माथी. ते बिचारे उलटून बोलत नाहीत.”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोरी ती चोरी, वर शिरजोरी!

बाई बालवर्गाला शिकवत. जाड पुठ्ठ्यावर चित्र चिकटवायचे, धारदार पात्याने त्याचे वेडेवाकडे तुकडे करायचे आणि मुलांपुढे ते जुळवायला ठेवायचे, ही त्यांची जुनी हातोटी. हत्तीची सोंड हत्तीलाच लावताना मुलांच्या जिभेचे टोक हळूच ओठांबाहेर येई. ते पाहण्यात बाईंचा दिवस सार्थकी लागे. आईचे विसरणे वाढले आणि डॉक्टर म्हणाले, “मेंदूला काम देत राहा,” तेव्हा बाईंनी हत्ती बाजूला ठेवले आणि घरातले जुने फोटो काढले. फोटोंच्या प्रती करून घेतल्या. आईच्या बोटांना टोचू नयेत म्हणून प्रत्येक तुकड्याच्या कडा घासून मऊ केल्या. दर रविवारी नवे कोडे न्यायचे, जुने परत आणायचे.

आई थोडी थोडी निसटत चालली होती, हे त्यांना दिसत होते. घर गेले, गाव गेले, वडिलांचे नावही गेले. निदान आपला चेहरा तरी तिच्यापाशी उरावा, एवढेच बाईंचे मागणे होते. आणि नेमका तोच कोणीतरी पळवत होते.

फुगा धरलेली दोन वेण्यांची पोर, पुढचे दात पडलेली पोर, मांडीवर झोपी गेलेली पोर. परत आलेले प्रत्येक कोडे बाई घरी जुळवून पाहत आणि चेहऱ्याच्या जागी खालच्या टेबलाचे लाकूड दिसे. पदवी घेतानाचा त्यांचा फोटो तेवढा अख्खा परत आला होता. त्याच आठवड्यात मावशी रजेवर होत्या. आणखी पुरावा तो कसला हवा?

डोळे पुसून, चेहऱ्यावर हसू आणून बाई आईच्या खोलीत गेल्या.

“या बाई, बसा,” आई म्हणाली.

शाळेत नोकरी लागल्या दिवसापासून घरात सगळे त्यांना चिडवून ‘बाई’च म्हणत. ती थट्टा आईनेच सुरू केलेली. एवढे सगळे विसरली, पण थट्टा विसरली नाही, या विचाराने बाईंना दर वेळी भरून येई.

“आज काय आणलंत?” आईने विचारले.

“तूच बघ की.”

आईने डबा जवळजवळ हिसकावूनच घेतला आणि छातीशी घट्ट धरला. दारात आलेल्या मावशींकडे बाईंनी विजयी मुद्रेने पाहिले. बघा, किती जीव आहे तिचा यात!

निघताना मावशी फाटकापर्यंत मागोमाग आल्या.

“ताई, एक सांगू? एकदा डबा न आणता येऊन बघा.”

“का? तुकडे उचलताना तुमची कंबर दुखते?”

“तसं नाही हो...”

“मग कसं? माझ्या आईशी माझं एवढंच काय ते नातं उरलंय, तेही तुमच्या डोळ्यांत खुपतं?”

मावशींनी फाटक लावून घेतले. मग त्या आत वळल्या.

पुढचे दोन दिवस बाई आतल्या आत धुमसत राहिल्या. वर्गात मुलांनी ससा उलटा जुळवला तरी त्यांचे लक्ष नव्हते. अखेर रविवारची वाट न पाहता शाळा सुटल्यावर त्या तशाच, रिकाम्या हातांनी, वृद्धाश्रमाच्या संचालिकांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

“मावशी आईच्या कोड्यातले तुकडे चोरतात. ती बाई इथे राहिली, तर मी आईला इथून नेईन!”

संचालिकांनी मावशींना बोलावून घेतले. “खरं असेल तर आजच्या आज काम सोडावं लागेल.”

“माझं कपाट उघडा, पिशवी झाडून बघा,” मावशी शांतपणे म्हणाल्या. “आजींची उशी तेवढी हलवू नका.”

“का?” बाई कडाडल्या. “तिथं लपवलंत होय? पकडलं गेलं तर नाव आईवर यावं म्हणून?”

उत्तराची वाट न पाहता त्या तरातरा आईच्या खोलीत शिरल्या.

आई पलंगावर बसली होती. तिने आधी बाईंच्या हातांकडे पाहिले. ते रिकामे दिसताच तिचा चेहरा सैलावला. बाईंनी उशीकडे हात नेला, तेव्हा आईने त्यांचे मनगट हळूच धरले आणि दाराकडे नजर टाकली. मग अभ्र्यात हात घालून तिने एकेक तुकडा बाहेर काढला. दोन वेण्या. पडलेले दात. मिटलेले डोळे. सगळे तिने बाईंच्या तळहातावर ठेवले, वर त्यांची बोटे मिटवली आणि ती मूठ आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवली.

“तुम्ही भल्या दिसता, म्हणून तुमच्यापाशी देते. कुठंतरी लपवून ठेवा,” आई कुजबुजली. “माझी पोर आहे ही. एक बाई येते डबा घेऊन. गोड बोलते, आणि दर वेळी हिचे तुकडे करून आणते.”