एका ओळीची फट

दुलीचंदने पुस्तक उघडलं की अक्षरं मुंग्यांसारखी पांगायची. "याच्या अंगात पिशाच्च हाय," म्हणत बापाने लहानपणी त्याला झोडपलं, ताईत बांधले. पंच्याहत्तर साली, चाळिशी उलटल्यावर, नागपूरच्या डॉक्टरांनी दिवसभर तपासून सांगितलं, "पिशाच्च नाही, हा जन्मजात वाचनदोष आहे." त्यांनी पुठ्ठ्यात एका ओळीएवढी फट कापून दिली. फटीतून पाहताच अक्षरं पहिल्यांदा जागेवर थांबली. शेलूबाजारला परतल्यावर त्याने पुठ्ठा आईला, पानाबाईंना, दाखवला. त्या पांढऱ्याफटक पडल्या. "असाच तुह्या बाबूजीजवळ होता, पत्र्याचा. दार लावूनच वाचत. कोणाले सांगू नको म्हनत. दुकानातल्या गादीखाली लपवत." बाप वारल्यापासून इतकी वर्षं त्या गादीवर कोणी बसलं नव्हतं. दुलीचंदने खाली हात घातला. फट पाडलेला पत्रा निघाला. कडेला अंगठ्याने झिजून खळगा पडला होता. त्यात त्याचा अंगठा बरोबर बसला. पत्रा अजून कोमट होता.