भेटीच्या खोलीची कडी

साहेब, तुम्ही खोटारडे आहात. "आत राहून आलेली बाईच या पोरींना समजून घेईल," असं भाषणात तुम्हीच म्हणालात, टाळ्या घेतल्यात, आणि तुरुंगातून सुटून सुतारकाम करणाऱ्या सुतारबाईला मुलींच्या सुधारगृहात त्यांच्याशी बोलायला बोलावलंत. आज तुमचंच पत्र आलंय.

पत्र अजून शिपाईबाईंच्या हातात आहे. भेटीच्या खोलीत दुपारचं ऊन लोळतंय, त्यात धूळ संथ तरंगतेय. सबंध इमारतीत आतून कडी असलेलं हे एकच दार. पंधरा वर्षांची मुलगी त्याच्याकडे बघत बसलीय. सोमवारी ती सुटणार.

"रोज स्वप्नात दारं येतात," ती म्हणाली. "पाण्यावरून वाहत येतात. उघडीच असतात. मी आपली नुसती उभी. कोणी 'जा' म्हणतच नाही."

"माझं जागेपणी तेच," सुतारबाई म्हणाली. "सुटून मावशीकडे गेले, तर न्हाणीघराच्या दाराशी अर्धा तास उभी. मावशी म्हणते, काय गं, फोटो काढायला थांबलीस?"

मुलगी हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

"सोमवारी फाटकाशी याल ना, ताई?"

"येणार म्हणजे काय! पण पाऊल तू टाकायचंस."

शिपाईबाईंनी घसा खाकरला, पत्र पुढे केलं. ते मुलीनंच ओढून घेतलं, मोठ्यानं वाचलं. पूर्वीच्या गुन्ह्याच्या नोंदीमुळे सुतारबाईची भेटीची परवानगी रद्द. मुलींशी आवारात वा बाहेर कसलाही संपर्क ठेवू नये.

"म्हणजे आत होत्या म्हणून बोलावलं, आणि आत होत्या म्हणूनच हाकललं?"

"मला काय विचारतेस बाई. मी हुकमाची ताबेदार."

सुतारबाईनं पिशवी उचलली. दाराशी गेली आणि थांबली. हात खाली, मान खाली. अकरा वर्षं बाहेर राहून, लोकांच्या घरांना शेकडो दारं बसवून, ती तिथं उभीच राहिली.

मुलगी उठली. कडीकडे हात नेला, मागे घेतला, पुन्हा नेला. कडी सरकली. व्हरांड्यातलं ऊन संथपणे आत शिरलं, तिघींच्या पायांवरून गेलं.

"जा, ताई."

साहेब, सोमवारी फाटकाबाहेर कोण उभं असेल? तुमच्या पत्रात ते नाही. सांगा.