सारस छाप

मस्कतच्या गॅरेजमध्ये दयानंदनं नव्या पान्यांचा डबा उघडला, वरचा तेलकट कागद टराटरा फाडून कचऱ्यात फेकला आणि पाना हातात घेताच थबकला. पान्यावर ओळखीची सारस छाप होती. या कंपनीनं तो कामाला होता तो लातूरचा कारखाना बंद करून चीनमधून माल आणायला सुरुवात केली, तेव्हाच तर तो घरदार मागं टाकून इकडं आला होता. आणि या पान्यावर पुन्हा लातूरचं नाव कोरलेलं होतं.

त्यानं उभ्याउभ्याच बायकोला फोन लावला. “शिवकन्या, कारखाना चालू झाला का गं?”



“दिवाळीपासून चालू हाय,” ती म्हणाली.

“अन् मला सांगितलं न्हाईस?”

“सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी निघून आला असता. आपल्या दीपमालाचं कॉलेज अजून व्हायचंय. कारखान्याच्या पगारात भागतंय का सगळं? म्हणून मीच जाते तिथं, पाने कागदात गुंडाळायला.”

“बरं केलंस,” म्हणत दयानंदनं फोन ठेवला आणि कचऱ्यात हात घालून कागदाचे तुकडे गोळा करू लागला.